आपल्या गल्लीचा लेख आपणच लिहू या

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे नीटनेटके करून देत आहोत.)



समितीच्या मंडळींनी आम्हाला विषय दिला तो असा, की वर्तमानपत्रांत आणि मासिकांत लेख कसा लिहावा हे आपल्या मुलांना सांगा. आम्ही काही मोठे लेखक नव्हे. आमच्या नावावर एकही पुस्तक नाही. परंतु तीसएक वर्षे सोलापूरच्या पेपरांच्या रविवारच्या पुरवण्यांत, चार-दोन दिवाळी अंकांत आणि अशा स्मरणिकांत आम्ही लिहीत आलो. जेवढे छापून आले त्याच्या दुप्पट साभार परत आले. त्यामुळे लेख कसा छापून येतो यापेक्षा तो का परत येतो, याचा आमचा अभ्यास जास्त आहे. तोच तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या गावापासून करू. ‘लेख लिहिणे हे आपले काम नाही’ असे आजही घराघरांत म्हणतात. त्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते मुंबईत नव्हे, आपल्या सोलापुरात. हायस्कुलात शिकणारी ती मुले. जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा खर्च सभेने उचलला. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. आणि त्या मुलांनी काय केले? ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले! ज्यांच्या घरात त्याआधी कोणी पाटी-पेन्सिल धरली नव्हती, त्यांनी दोन वेळच्या जेवणाची सोय झाल्याबरोबर मासिक काढले. शंभर वर्षे झाली त्याला. मग आज घरात पदवीधर असताना, हातात मोबाईल असताना आपण म्हणावे की आपल्याला लिहिता येत नाही, हे शोभते का?

त्याच्याही मागे जा. १८५५ साली पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती शाळकरी पोर होती. तिच्यापुढे नमुना म्हणून आपल्यातल्या कोणा बाईचा लेख नव्हता. जे पाहिले, जे सोसले, ते लिहिले.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत दिली. ‘मूकनायक’ निघाल्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने घेतली नाही, हा इतिहास आहे. पुढे १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाला तेव्हा लिहिणारी माणसे इतकी थोडी, की बाबासाहेबांना एकट्याला २४-२४ रकाने लिहून काढावे लागत. ते बॅरिस्टर होते, कायदेमंडळाचे सभासद होते, महाडचा सत्याग्रह चालू होता. असे असता ते रात्री बसून रकाने भरत होते. का? तर दुसरा लिहिणारा नव्हता. आम्हाला वाटते, त्या २४ रकान्यांचे कर्ज आपल्या समाजावर अजून आहे. ते जयंतीच्या मिरवणुकीने फिटणारे नाही, लिहिणारे हात तयार करूनच फिटेल.

आता आमची फजिती सांगतो. आमचे वडील गिरणीत बदली कामगार. भोंगा झाला की गेटवर जायचे, काम मिळाले तर खाते, नाही तर घर. आम्ही कॉलेजात गेलो, वाचनालयात बसू लागलो आणि एके दिवशी लेख लिहिला. शीर्षक होते ‘क्रांतिसूर्यास विनम्र अभिवादन’. पानोपानी ‘तेजस्वी’, ‘प्रखर’, ‘युगप्रवर्तक’, ‘शोषितांचा आक्रोश’. फुलस्केप आठ पाने. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत स्वतः नेऊन दिला. तीन आठवड्यांनी विचारायला गेलो. पुरवणी पाहणारे गृहस्थ वयाने मोठे होते. त्यांनी लेख परत दिला आणि विचारले, “तुम्ही राहता कुठं?” आम्ही सांगितले. “वडील काय करतात?” तेही सांगितले. ते म्हणाले, “मग यात ते कुठं आहे? हा लेख नागपूरच्या माणसानं लिहिला असता तरी असाच झाला असता, आणि लंडनच्या माणसानं लिहिला असता तरी असाच. तुमच्या घरातला भोंगा यात ऐकू येत नाही.”

त्या दिवशी राग आला. जातीमुळे परत केला असेही मनात आले. तसेही घडते, नाही असे नाही. पण घरी येऊन लेख पुन्हा वाचला तेव्हा कळले की गृहस्थ बरोबर बोलत होते. पुढचा लेख आम्ही गेटवरच्या बदली कामगारांवर लिहिला. पहाटे कोण किती वाजता येतो, काम न मिळालेला माणूस लगेच घरी न जाता कुठे बसतो, डबा तसाच परत नेला तर बायको काय म्हणते, एवढेच. तो लेख छापून आला. त्यात ‘शोषण’ हा शब्द एकदाही नव्हता.

मुलांनो, लेख म्हणजे काय ते यावरून लक्षात घ्या. बातमी सांगते काय घडले. अग्रलेख सांगतो काय वाटले पाहिजे. आपण ज्याला पुरवणीतला लेख म्हणतो तो माणूस दाखवतो, काम दाखवतो, जागा दाखवतो आणि मग वाचणाऱ्यालाच विचार करायला लावतो. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, चांगला लेख कापून वहीत ठेवतात. अनिल अवचटांनी हमालांवर, विडी-तंबाखूतल्या कामगार बायांवर लिहिले ते याच रीतीने. ते त्यांच्यात जाऊन बसले, पाहिले, विचारले आणि साध्या भाषेत मांडले. ते लेख नियतकालिकांत आले, मग त्यांची पुस्तके झाली.

एक बारीक गोष्ट दहा विशेषणांचे काम कसे करते, त्याचे उदाहरण घ्या. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. आता ‘गिरण्यांतही अस्पृश्यता होती’ एवढे लिहिले तर वाचणारा मान हलवतो आणि पान उलटतो. पण कारण सांगा. कांडी बदलली की धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. दुसऱ्याच्या तोंडचा धागा तोंडात घ्यायचा, म्हणून बाट! आणि त्या खात्यात मजुरी जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. बघा, एका धाग्यात जात आली, मजुरी आली, कामगार चळवळ आली. लेख लिहायचा असेल तर असा धागा शोधायचा.

विषय कुठे मिळतील, असे मुले विचारतात. आपल्या सोलापुरात विषयाला तोटा नाही हो! एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा ऐकू येतात. विडी वळणाऱ्या बाया आहेत. चादरीचे, टॉवेलचे कारखाने आहेत. बंद गिरण्यांचे कामगार आहेत, म्हातारे झाले, एकेक करून जात आहेत. कचरा वेचणाऱ्या बाया आहेत. जयंतीला वर्षानुवर्षे हलगी वाजवणारा माणूस आहे. पालिकेत झाडूचे काम करून चार मुले शिकवणारी आई आहे. आपल्या या विहाराची पहिली वीट कोणी आणली, वर्गणी चार-चार आणे कशी जमवली, हे सांगणारी दोन-तीनच माणसे आता राहिली आहेत. त्यांना कोणी विचारले? आपण १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन तारखांनाच लिहितो. मधले ३६३ दिवस आपल्या वस्तीत काही घडतच नाही काय?

विषय ठरला की एक प्रश्न ठरवा. ‘विडी कामगार’ हा विषय झाला. ‘हजार विड्या वळायला एका बाईचा दिवस कसा जातो’ हा लेख झाला. एका लेखात एकच गोष्ट. दुसरी आठवली तर ती पुढच्या लेखाला ठेवा, ती कुठे जात नाही.

मग विचारायला जा. वही घेऊन जा, पण गेल्या-गेल्या वही काढू नका. आधी चहा घ्या, पोराबाळांची चौकशी करा. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ असे विचारू नका, माणूस म्हणतो ‘बरं वाटतं’. ‘सकाळी उठल्यावर आधी काय करता?’ असे विचारा. आकडे विचारा, तारखा विचारा, वस्तूंची नावे त्यांच्याच तोंडून घ्या. आणि ऐका. आपल्या लोकांना बोलायची सवय आहे, पण कोणी ऐकायची सवय नाही. ऐकणारा भेटला की माणूस मोकळा होतो.

आता मुख्य गोष्ट. ही आम्ही आजवर कुठे लिहिलेली नाही. १९९१ साल, बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. पेपरांना आपल्या समाजावरचे लेख हवे होते. आमच्या वस्तीत एक आजी होत्या. १९५६ साली १४ ऑक्टोबरच्या दीक्षेला नागपूरला गेलेल्या. आम्ही त्यांच्याकडे दोन संध्याकाळ बसलो. दौंडला गाडी बदलली, मनमाडला बदलली, भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधली होती, पांढरे लुगडे दुसरीचे मागून घेतले होते, असे सगळे त्यांनी सांगितले. पैशाचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, “केलं कसं तरी.” आम्ही पुढे विचारले नाही. लिहिताना मात्र आमची लेखणी सुटली. आम्ही लिहिले की, अंगावरच्या चांदीच्या पाटल्या विकून ही माउली निघाली. लेख छापून आला, लोकांनी वाहवा केली. पाटल्यांचे वाक्य तर एकाने आपल्या भाषणातही घेतले.

आजींना वाचता येत नव्हते. त्यांच्या नातीने लेख वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी आजींनी बोलावले. आम्हाला वाटले, कौतुक करतील. त्या म्हणाल्या, “लेकरा, पाटल्या कुठल्या रं मला? म्या कवा इकल्या?” आम्ही म्हणालो, “आजी, लेखात तसं लिहावं लागतं.” त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “शेजारच्या पद्मशाल्याच्या बाईनं दिल्तं पैसं. विड्याचं पैसं. तिच्या घरात चूल पेटायची मारामार, तरी पदराला बांधलेलं सोडून दिलं. म्हनली, जा, तुमच्या बाबाला बघून ये. तू तिला पुसून टाकलास की रं.”

मंडळी, त्या वेळी आमची मान खाली गेली ती अजून वर आलेली नाही. आम्ही पाटल्या घातल्या त्या लेख सजवायला. पण त्या खोट्या पाटल्यांखाली एक खरी बाई गाडली गेली. तिचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, दीक्षेशी तिचा संबंध नाही, आणि तिने आठवड्याची मजुरी दिली. खरे लिहिले असते तर तो लेख कितीतरी मोठा झाला असता. आम्हाला ते सुचले नाही, कारण आम्ही विचारलेच नाही. आम्ही पेपरला पत्र लिहिले. कोपऱ्यात चार ओळींचा खुलासा आला. लेख गावाने वाचला, खुलासा कोणी वाचला? ती पद्मशाली बाई तोवर वारली होती. आजींनी सांगितले म्हणून आम्ही तो खुलासा घेऊन तिच्या सुनेकडे गेलो आणि वाचून दाखवला. सुनेला ही गोष्ट माहीतच नव्हती. तिने ते कात्रण मागून घेतले.

त्या दिवसापासून आम्ही दोन नियम केले. एक, ज्याच्यावर लिहिले त्याला छापण्याआधी त्याच्यासंबंधीचा मजकूर वाचून दाखवायचा. दोन, जे विचारले नाही ते लिहायचे नाही. सम्यक वाचा आपण विहारात रोज म्हणतो. ती बोलण्यापुरती नाही, लिहिण्यालाही लागू आहे.

भाषेविषयी थोडे. ‘आमचं मराठी शुद्ध नाही’ ही भीती काढून टाका. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटेसे दुकान चालवायच्या. माल बांधायला येणारी रद्दी वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. त्यांचे ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आले, मग १९८६ साली पुस्तक झाले. आपल्याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे. त्यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. यांनी कोणाची भाषा उसनी आणली नाही. माणूस बोलतो ते त्याच्याच बोलीत ठेवा. तुमचे स्वतःचे निवेदन साधे, सरळ ठेवा. शुद्धलेखन मात्र दुसऱ्याकडून तपासून घ्या, त्यात कमीपणा नाही.

लेखाची सुरुवात ‘प्राचीन काळापासून’ अशी करू नका. माणूस, जागा किंवा वेळ यांपैकी एक पहिल्या दोन ओळींत दिसू द्या. इतिहास, आकडे मध्ये द्या. शेवटी उपदेश नको. लिहून झाला की मोठ्याने वाचा. जिथे तुमचाच श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा. मग दोन दिवस ठेवून द्या आणि पुन्हा वाचा. पहिला परिच्छेद बहुतेक वेळा काढून टाकता येतो, हा आमचा अनुभव आहे.

पाठवण्याचेही शास्त्र आहे. ज्या पेपरला लेख पाठवायचा त्याच्या चार-पाच पुरवण्या आधी वाचा. तिथे आठशे शब्दांचे लेख येत असतील तर तीन हजार पाठवू नका. आमच्या वेळी कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहायचे आणि परतीचे तिकीट लावून पाठवायचे. आता मोबाईलवर टाइप करून ई-मेलने पाठवता येते. पण खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन हवाच आणि एक प्रत स्वतःजवळ हवी. एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. बुद्धपौर्णिमेचा लेख बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाठवला तर कोण छापणार? महिनाभर आधी द्या. दिवाळी अंकाचे तर पावसाळ्यातच ठरते. संपादकाने कापले तर रुसू नका, काय कापले ते शेजारी ठेवून पाहा, त्यातून शिकायला मिळते. अर्थ बदलला असेल तर मात्र नम्रपणे कळवा. मानधन मिळेल न मिळेल, पण विचारायला लाजू नका. लिहिणे हे कामच आहे.

आणखी एक धोका. हल्ली मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने रोज सुविचार फिरतात. त्यातले कितीतरी त्यांचे नाहीत. आपण ते लेखात घालतो आणि विरोधक एकच चूक धरून सगळा लेख खोटा ठरवतो. शासनाने ‘लेखन आणि भाषणे’चे खंड काढले आहेत. मराठी भाषणे १८ व्या खंडाच्या तीन भागांत आहेत. त्यात शोधा. सापडले नाही तर लिहू नका.

शेवटी समितीला विनंती. आजच्या दिवसाची आठवण म्हणून विहाराच्या व्हरांड्यात एक भित्तिपत्रक सुरू करा. दर पौर्णिमेला एक हाताने लिहिलेला लेख, एका मुलाचा किंवा मुलीचा, आपल्या वस्तीतल्या एका माणसावर. खर्च एका ड्रॉइंग पेपरचा. सुरुवात ऐंशीच्या पुढच्या माणसांपासून करा, कारण त्यांना थांबायला वेळ नाही. वर्षाचे बारा लेख होतील, पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ते छापता येतील. त्यातला एखादा पेपरला जाईल. वसतिगृहातल्या मुलांनी याच गावात मासिक चालवले, आपण एक कागद चालवू.

आणि मुलांनो, आज रात्री घरी गेल्यावर आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारा, ‘तुम्हाला तेव्हा पैसे कोणी दिले होते?’ उत्तर येईल ते लिहून ठेवा. नाव विसरू नका.



नमो बुद्धाय! जय भीम!